बुधवार, रात्री आठ: ‘बिनाका गीतमाला’च्या सन्मानाचं प्रकरण

2009 साली रेडिओ निवेदक अमीन सयानी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ते 76 वर्षांचे होते. हिंदी चित्रपटगीतांच्या ज्या रेडिओ कार्यक्रमाने त्यांचा आवाज देशभर नेला, त्या ‘बिनाका गीतमाला’चा पहिला भाग 3 डिसेंबर 1952 रोजी प्रसारित झाला होता. मधे 56 वर्षं गेली.

पुरस्कार उशिरा मिळाल्याची तक्रार कितीतरी कलावंतांबद्दल करता येईल. हे प्रकरण अभ्यासायचं ते त्यासाठी नाही. हा कार्यक्रम जन्मला तोच भारत सरकारच्या एका धोरणामुळे पडलेल्या पोकळीत. तो ऐकू यायचा दुसऱ्या देशाच्या केंद्रावरून. त्याचा खर्च टूथपेस्ट बनवणारी एक कंपनी करायची. आणि तो ऐकणारे लाखो लोक रेडिओ बाळगण्याचं लायसन्स मात्र भारत सरकारकडूनच काढायचे. अशा कार्यक्रमाला मान द्यायचा तर तो कोणी द्यायचा आणि कशाबद्दल? नभोवाणीच्या इतिहासातली माणसं आणि कार्यक्रम यांची आपण कशी आठवण ठेवतो, याबद्दल हे एक प्रकरण बरंच काही सांगून जातं.

1952: एकाच वर्षात दोन वाटा

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या खात्यावर राहिले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. संस्थानं विलीन झाल्यावर गवय्यांचा आश्रय तुटला होता आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी आता आकाशवाणीची आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. चित्रपट संगीताबद्दलचं त्यांचं मत तितकंच ठाम आणि प्रतिकूल होतं.

आकाशवाणीने चित्रपटगीतांना चाळणी लावली, त्यांचं प्रमाण प्रक्षेपणाच्या दहा टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं. नाव सांगितलं तर ती चित्रपटाची फुकट जाहिरात होते, असा युक्तिवाद होता. निर्मात्यांना नेमकी त्याच उल्लेखाची गरज होती. त्यांच्या संघटनेने गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली.

या निर्णयाची आज सरसकट टवाळी होते. ती मला अन्यायाची वाटते. त्याच वर्षी, 20 जुलै 1952 रोजी, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता आणि केसकरांच्या काळात तो रुजला. ज्या घरात बैठकीची परंपरा नव्हती, जिथे कुणी कधी तिकीट काढून मैफल ऐकली नव्हती, तिथे मोठमोठे गायक-वादक रेडिओमधून पोहोचले. 1954 पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली. कलावंतांना श्रेणी, मानधन, नोकऱ्या मिळाल्या. चित्रपटगीतांची जागा भरण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झालेलं ‘गीत रामायण’ याच वातावरणात आलं. केंद्राची धुरा सांभाळणाऱ्या सीताकांत लाडांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर चाललेली 56 गीतं. यातले कवी आणि संगीतकार दोघंही चित्रपटसृष्टीतले नामवंत होते. चित्रपट संगीताला दार बंद करणाऱ्या संस्थेने त्याच क्षेत्रातल्या दोघांकडून मराठी नभोवाणीचं सर्वांत टिकाऊ काम करून घेतलं.

म्हणून नभोवाणीच्या इतिहासाची गौरवयादी कधी झाली, तर तिच्यात केसकर हवेत असं माझं मत आहे. त्यांच्या धोरणाचा दुसरा परिणाम त्यांना मुळीच अभिप्रेत नव्हता, तरीही हवेत.

दुसऱ्या महायुद्धातला ट्रान्समीटर

श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि त्यांना सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं, केंद्र सापडलं. ते सापडण्यामागे युद्धाचा हात होता.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय सिलोनमध्ये कँडीला होतं. ब्रह्मदेश, मलाया अशा दूरदूरच्या आघाड्यांवरच्या सैनिकांना बातम्या आणि गाणी ऐकवण्यासाठी तिथे लघुलहरींचा 100 किलोवॉटचा ट्रान्समीटर उभारला गेला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा खाली येतात, त्यामुळे हजारो किलोमीटरवर त्या उतरू शकतात. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले आणि 1949 मध्ये ही यंत्रणा सिलोन सरकारच्या हाती आली. इतक्या छोट्या बेटाला एवढ्या ताकदीची स्वतःसाठी गरजच नव्हती. 1950 मध्ये तिथे व्यापारी सेवा सुरू झाली. राष्ट्रकुल देशांच्या ‘कोलंबो योजना’ या मदत योजनेतून आलेले क्लिफर्ड डॉड हे ऑस्ट्रेलियन अधिकारी तिचे प्रमुख होते. जाहिरातीचा वेळ विकायचा आणि बाजारपेठ समुद्रापलीकडची धरायची, असा हिशोब होता.

भारतात तेव्हा रेडिओवर जाहिरात करायला मनाईच होती. मुंबईतल्या कंपन्यांकडे पैसा होता, चित्रपटगीतांच्या तबकड्या होत्या, ऐकायला आसुसलेली जनता होती. नव्हतं ते फक्त प्रक्षेपण केंद्र. कोलंबोने ते दिलं. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फितींची रिळं विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून परत यायचा. लघुलहरींचा स्वभाव लहरी. आवाज मधेच विरायचा, पुन्हा भरून यायचा, खरखर कायमची सोबतीला. रेडिओ सिलोन ऐकणाऱ्या पिढीच्या कानात गाण्याइतकीच ती खरखरही बसलेली आहे.

आठवड्याला पंचवीस रुपये

सिबा ही स्विस कंपनी बिनाका टूथपेस्ट बनवायची. तिला हिंदी गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम हवा होता. त्यात निवेदन होतं, संहिता लिहायची होती, श्रोत्यांच्या पत्रांची छाननी होती, आणि या सगळ्याचा मोबदला होता आठवड्याला 25 रुपये. अनुभवी माणसं एवढ्यात तयार होईनात, म्हणून हे काम आपल्याकडे आलं, असं सयानी पुढे मुलाखतींतून सांगत. पहिला भाग प्रसारित झाला त्या दिवशी त्यांचं विसावं वर्ष पूर्ण व्हायला 18 दिवस बाकी होते.

ते काही रस्त्यावरून उचलून आणलेले नवखे नव्हते. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी नभोवाणीतलं मोठं नाव. त्यांनीच अमीन यांना लहानपणी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नेलं. सुरुवातीचं कामही इंग्रजीत झालं. पण त्यांच्या हिंदीचं मूळ घरात होतं, आणि कार्यक्रमाच्या यशाचं सर्वांत महत्त्वाचं कारण मला तिथेच दिसतं. आई कुलसुम सयानी साक्षरतेच्या कामात मुरलेल्या होत्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत. 1940 ते 1960 अशी वीस वर्षं ते निघालं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या तीन: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. नवसाक्षरांसाठी काढलेल्या या अंकांच्या कामात अमीन लहानपणापासून मदत करत. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला अडखळू न देता वाक्य कसं लिहायचं, हे शिक्षण त्यांना घरातच मिळालं होतं.

त्या काळातलं आकाशवाणीचं हिंदी संस्कृतप्रचुर होत चाललं होतं. व्यासपीठावरून बोलल्यासारखं. सयानी समोरच्या माणसाशी बोलत. ‘बहनों और भाइयों’ या संबोधनात त्यांनी बहिणींना आधी घेतलं. गाणं कुठल्या पायदानवर, म्हणजे लोकप्रियतेच्या कुठल्या पायरीवर आहे, मागच्या आठवड्यात ते कुठे होतं, एकदम वर चढलं की घसरलं, हे ते धावत्या समालोचनाच्या उत्साहात सांगत. आवाज खर्जातला नव्हता, घोटीव नव्हता. उलट त्या काळच्या निवेदकांच्या मानाने बराच चढा आणि उत्साही. पण त्यांना ऐकताना कुणाला आपलं अज्ञान जाणवत नसे. निवेदकाची थोरवी मोजायची तर मी याच गुणाला सर्वांत वर ठेवेन.

पत्रांनी घडवलेला कार्यक्रम

सुरुवातीला गीतमाला अर्ध्या तासाची होती आणि तिचं स्वरूप स्पर्धेचं होतं. सात गाणी लागायची, त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी लिहून कळवायचा, बक्षीस 100 रुपये. पन्नास-साठ पत्रं येतील अशी अपेक्षा असताना पहिल्याच भागाला 9,000 पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला 65,000 वर गेला. हे आकडे खुद्द सयानी देत असत आणि कार्यक्रमाचं पुढचं रूप पाहता ते पटण्यासारखे आहेत. कारण एवढी पत्रं उघडून, तपासून विजेता काढणं अशक्य झालं आणि स्पर्धा बंदच करावी लागली. 1954 पासून तिची जागा लोकप्रियतेच्या क्रमवारीने घेतली. पुढे कार्यक्रम तासाभराचा झाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सन्मानाच्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा इथे आहे.

क्रमवारी लावायची कशाच्या आधारावर? पहिला आधार होता तबकड्यांच्या दुकानांतून मिळणारे खपाचे आकडे. त्यात लवकरच खोट दिसली. गाणं फार चाललं की दुकानातल्या तबकड्या संपायच्या. तबकडी नाही म्हणून खप नाही, आणि खप नाही म्हणून तुफान लोकप्रिय गाणं त्या आठवड्यात खाली. शिवाय खपाच्या आकड्यांवर हितसंबंधी लोक परिणाम करू शकतात, हीही धास्ती होती. म्हणून दुसरा आधार जोडला गेला, रेडिओ श्रोता संघांचा. गावोगावच्या चाहत्यांनी एकत्र येऊन स्थापलेली ही मंडळं आपापली पसंती कळवू लागली. एखादं गाणं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसू नये म्हणून ठरावीक फेऱ्या झाल्या की ते यादीतून सन्मानाने निवृत्त व्हायचं आणि ‘सरताज गीत’ म्हणून त्याची नोंद व्हायची. त्या वेळी बिगूल वाजायचा. डिसेंबरात वर्षभराच्या गाण्यांचा वार्षिक कार्यक्रम व्हायचा.

म्हणजे हा कार्यक्रम स्वतःच गौरवाची एक यंत्रणा होता. तिला निकष होते, पुरावा होता, पुराव्यातल्या त्रुटी ओळखून केलेल्या दुरुस्त्या होत्या, निवृत्तीचा नियम होता आणि ठरावीक दिवशी होणारी जाहीर घोषणा होती. आज आपल्याकडच्या अनेक पुरस्कारांत यातलं निम्मंही आढळत नाही. हे सगळं सयानी आणि त्यांचे सहकारी दर आठवड्याला करत होते, पुढच्या बुधवारी लोक पुन्हा सुई त्याच जागी आणतील या एकाच जबाबदारीपोटी.

श्रोत्यांची बाजूही तितकीच मोलाची आहे. झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं, आता झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यातलं अभ्रकाच्या व्यापाराचं गाव. देशाला ते माहीत झालं ते फर्माइशींच्या पोस्टकार्डांमुळे. रेडिओ सिलोन असो की पुढे विविध भारती, गाण्याआधीच्या नावांमध्ये झुमरी तलैया हमखास असायचं. आणि अनेक चाहते दर बुधवारी वही घेऊन बसायचे. गाणं, चित्रपट, गायक, पायदान असं सगळं टिपून ठेवायचे. गीतमालेची वर्षावर्षांची क्रमवारी आज सांगता येते ती मोठ्या प्रमाणात या वह्यांमुळे. इतिहास जपण्याचं काम ज्या संस्थांचं होतं त्यांच्याआधी ते श्रोत्यांनी केलं.

आकाशवाणीने दिलेला अबोल मान

3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. कवी नरेंद्र शर्मा यांच्या पुढाकाराने घडलेल्या या सेवेत चित्रपट संगीत परत आलं, सैनिकांसाठी ‘जयमाला’ आलं, ‘हवामहल’ आलं. मंत्री केसकरच होते. श्रोते सिलोनकडे वळलेत हे वास्तव संस्थेने मान्य केलं आणि स्वतःला बदललं. पुढचा टप्पा 1 नोव्हेंबर 1967 चा: मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. कोलंबोच्या व्यापारी सेवेचा पायाच ज्या मनाईवर उभा होता, ती मनाई उठली. पुढे प्रायोजित कार्यक्रम आले आणि त्यांत सयानींचा आवाज आकाशवाणीवर नियमितपणे ऐकू येऊ लागला.

1989 मध्ये गीतमाला स्वतःच विविध भारतीवर आली आणि 1994 पर्यंत तिथे राहिली. जिच्या धोरणाने हा कार्यक्रम समुद्रापार गेला, तिच्याच केंद्रांवरून तो वाजू लागला. कुठलाही समारंभ झाला नाही, मानपत्र वाचलं गेलं नाही. तरी आकाशवाणीने या कार्यक्रमाला दिलेला सर्वांत खरा मान माझ्या दृष्टीने हाच. एखाद्या कार्यक्रमामुळे सरकारी संस्थेचं धोरण बदलणं ही गोष्ट शाल-श्रीफळापेक्षा मोठी आहे. अडचण एवढीच की असा मान कुठे नोंदला जात नाही. पुढच्या पिढीला तो दिसण्यासाठी कुणीतरी सगळे दुवे जोडून सांगावे लागतात.

प्रायोजकाचंही श्रेय प्रामाणिकपणे द्यायला हवं. बिनाकाचं नाव पुढे सिबाका झालं, 1994 मध्ये तो ब्रँड कोलगेटकडे गेला, आणि कार्यक्रमाचं नाव त्यानुसार बदलत राहिलं. दात घासायच्या पेस्टने चार दशकं एका संगीत कार्यक्रमाला तगवलं. पण कार्यक्रमाच्या पहिल्या शब्दावर मालकी दुसऱ्याची असली की आठवणींचंही वाटप होतं: कुणाला तो बिनाका म्हणून आठवतो, कुणाला सिबाका म्हणून.

मग 56 वर्षं का?

पद्म पुरस्कार 1954 पासून दिले जातात. नभोवाणीतली दोन नावं शेजारी ठेवून पाहू. मेलव्हिल डिमेलो यांना पद्मश्री 1963 मध्ये मिळाली. 31 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या अंत्ययात्रेचं सुमारे सात तासांचं धावतं वर्णन त्यांनी केलं होतं. त्या दिवशी देशाचं दुःख त्यांच्या आवाजातून बोललं. जसदेव सिंह यांना पद्मश्री 1985 मध्ये आणि पद्मभूषण 2008 मध्ये मिळालं. प्रजासत्ताक दिनाचं संचलन आणि हॉकीची समालोचनं ही त्यांची ओळख. दोघांचाही मान पूर्ण लायकीचा होता, त्याबद्दल शंकाच नाही.

एवढ्या नावांवरून नियम मांडणं घाईचं ठरेल. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. ज्यांचा आवाज राष्ट्रीय प्रसंगांशी जोडलेला होता, त्यांच्याकडे राज्यसंस्थेचं लक्ष आधी गेलं. सयानींचा आवाज जोडलेला होता स्वयंपाकघर, पानाचं दुकान, वसतिगृहाची खोली आणि बुधवारच्या रात्रीशी. तोही परदेशी केंद्रावरून, जाहिरातीच्या सोबतीने. मनोरंजनाला सेवा मानायला आपल्याला वेळ लागतो. मात्र हिंदी न बोलणाऱ्या प्रांतांत सोपी हिंदुस्तानी पोहोचवण्याचं जे काम सरकारला समित्या नेमून करायचं होतं, ते हा कार्यक्रम दर आठवड्याला करत होता. पद्मश्री त्यांना 1972 मध्ये मिळाली असती तरी ती लवकर आली असं कुणी म्हटलं नसतं.

दुसरा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. आपले पुरस्कार व्यक्तीला मिळतात. कार्यक्रमाला मिळत नाहीत. गीतमाला म्हणजे सयानी हे खरं असलं तरी अपुरं आहे. मुंबईत फित मुद्रित करणारे तंत्रज्ञ, कोलंबोत ती वेळेवर लावणारे उद्घोषक आणि अभियंते, हजारो पत्रं उघडणारी माणसं, श्रोता संघ, दुकानदार या सगळ्यांचा मिळून तो कार्यक्रम होता. शिकागोतल्या अमेरिकी नभोवाणी गौरवदालनात व्यक्तींसोबत कार्यक्रमांनाही स्थान मिळतं. अमेरिकेतच पीबडी पुरस्कार 1941 मध्ये सुरू झाले ते रेडिओसाठी. आपल्याकडे आकाशवाणीचे वार्षिक पुरस्कार आहेत आणि ते कार्यक्रमांना मिळतात, पण ते त्या-त्या वर्षाच्या निर्मितीसाठी. तीस-चाळीस वर्षांनी मागे वळून, काळाच्या कसोटीवर उतरलेल्या कार्यक्रमाला मान देण्याची ठोस पद्धत आपण रुजवलेली नाही.

मान देणं आणि जपणं

20 फेब्रुवारी 2024 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, सयानींचं मुंबईत निधन झालं. दुसऱ्या दिवशी देशभरातून श्रद्धांजली वाहिली गेली. प्रत्येक लेखात संबोधन तेच, आठवण तीच. आणि मूळ बुधवारचे भाग? सलग, वर्षवार ऐकता येईल असा त्यांचा सार्वजनिक संग्रह नाही. सयानींच्या निवेदनासह निघालेली संकलनं आहेत, त्यांतून त्या काळाची चव नक्की मिळते, आणि ती काढली गेली याबद्दल आपण ऋणी असायला हवं. पण 1955 च्या एखाद्या बुधवारी प्रत्यक्षात काय प्रसारित झालं, कुठल्या गावांची नावं वाचली गेली, जाहिराती कोणत्या होत्या, हे ऐकायला तुकड्यांखेरीज काही हाती येत नाही.

दोष कुणा एकाचा नाही. फित महाग होती. पुसून पुन्हा वापरणं ही जगभरच्या केंद्रांची रीत होती. शिवाय हा कार्यक्रम दोन देशांत आणि कंपनी, निर्मिती संस्था, केंद्र अशा अनेक हातांत विभागलेला. ज्याचा मालक स्पष्ट नाही, त्याची काळजी कोण घेणार?

‘गीत रामायण’ इथे पुन्हा उपयोगी पडतं. ते एका केंद्राचं होतं, त्याचे शब्द लोकांपर्यंत छापून पोहोचले, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने 1957 मध्ये त्याचं पुस्तक काढलं आणि सुधीर फडके पुढे कित्येक वर्षं ते रंगमंचावरून गात राहिले. छापील शब्द, स्वर आणि गाणारा माणूस अशा तिन्ही वाटांनी ते टिकलं. त्याच मराठी नभोवाणीतलं ‘प्रपंच’ घ्या. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी यांनी मुंबई केंद्रावरून मध्यमवर्गीय घराची रोजची सुखदुःखं वर्षानुवर्षं ऐकवली. ती पात्रं घरच्या माणसांसारखी आठवणारे अजून आहेत. मात्र नव्या श्रोत्याच्या कानावर पडेल असं त्यातलं फारच थोडं उरलंय. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’ यांची गतही तीच.

अमेरिकेच्या संसदेने 2000 साली कायदा करून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवही सुरू केली. दरवर्षी 25 ध्वनिमुद्रणं निवडली जातात, ती किमान दहा वर्षं जुनी असावी लागतात, आणि नोंद म्हणजे जतनाची बांधिलकी. पहिल्याच यादीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची रेडिओवरची भाषणं होती आणि 1938 मध्ये मंगळावरून हल्ला झाल्याचं नाट्य सादर करून खळबळ उडवणारा कार्यक्रमही होता. राज्यकारभाराचा आवाज आणि मनोरंजनाचा आवाज एकाच यादीत, एकाच तोलाने. मला ही रचना आदर्श वाटते, कारण तिथे मान दिल्याबरोबर काम सुरू होतं.

आपल्याकडे हे करायला मुहूर्तही आहे. 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. तो दिवस राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो, आणि 23 जुलै 2027 ला त्याला शंभर वर्षं होतात. त्यानिमित्त सत्कार होतील, होऊ देत. त्यासोबत दरवर्षी दहा कार्यक्रमांची नोंद सुरू करता येईल, सर्व भाषांमधून. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी सक्तीच्या असाव्यात: उपलब्ध असलेलं मूळ ध्वनिमुद्रण, निवेदकापासून अभियंत्यापर्यंत सर्वांची नावं, कार्यक्रम कुणाच्या पैशावर आणि कोणत्या धोरणात चालला याची टिपण, आणि श्रोत्यांची पत्रं किंवा वह्या मिळतील तेवढ्या. यातलं शेवटचं काम सर्वांत तातडीचं आहे. उरल्यासुरल्या ध्वनिफिती निदान कपाटात बंद आहेत. वह्या घरोघरी आहेत, त्या लिहिणारे आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जातो तो असलाच कागद. आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्राने आपल्या जिल्ह्यातल्या श्रोता संघांच्या जुन्या सदस्यांना एकदा जाहीर आवाहन केलं आणि वही जमा करण्याऐवजी तिथल्या तिथे तिची छायाप्रत काढून परत देण्याची सोय केली, तर मूळ वही हातची न जाऊ देता लोक ती दाखवायला आनंदाने आणतील.